गडावर पगडी राहील

“ठमे, नथ काढ माझी. बोटं ऐकत नाहीत गं.”

चाळीस वर्षांपूर्वी कानी पडलेला हा आवाज ठमाईला सोडून कधी गेलाच नाही. दळायला बसली की जात्याच्या घरघरीखालून तो उमटे, पाणी भरताना घागरीच्या गळ्यातून उमटे. आणि आज, वैशाखातल्या पहाटे, पिंगळा नदीच्या उतारात गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने मान वर केली, तेव्हा तो थेट शेवंतगडाच्या माथ्यावरून उतरून आल्यासारखा तिला वाटला. पूर्वेला नुकते तांबडे फुटत होते. नदी घासून ठेवलेल्या काशाच्या थाळीसारखी निपचित पडली होती, आणि तिच्या काठावर, करवंदीच्या जाळ्या नि ढासळलेले तट अंगावर घेऊन गड बसला होता. ज्याचा माहूत मेला, हौदा मोडला, तरी ज्याला उठवायची कोणाची छाती होत नाही अशा म्हाताऱ्या हत्तीसारखा.

मागून मिरवणूक येत होती. पुढे चार बिगारी, त्यांच्या खांद्यावरच्या वाशांना झुलणारी एक घडीव शिळा. मग गेणू पाथरवट. मग गळ्यात संबळ अडकवलेला सिदोजी गोंधळी. आणि सर्वांच्या मागे, डोक्यावर अब्दागिरी धरवून, शेवंतगडचे शेवटचे किल्लेदार कैलासवासी सुभानराव आंबवणे यांचे नातू मानसिंगराव. ज्या गडावर आता वानरांखेरीज मुजरा करणारे कोणी उरले नव्हते, त्या गडावर अब्दागिरी! पण मानसिंगरावांच्या ओठांवर आजोबांच्या वळणाच्या मिशा होत्या, आणि मिशांना सावली हवीच.

“म्हातारे, अजून किती?” दुसऱ्याच वळणावर रावांनी पुसले.

“आलंच की सरकार. तुमच्या आज्यानं ही वाट कधी पायानं तुडवली न्हाई, तवा तुमच्या पायांस्नी तरी कशी ठावी असंल?”

सिदोजी खोकल्याच्या निमित्ताने हसला. रावांना बोलण्यातली गोम कळली नाही. ते अभिमानाने म्हणाले, “अर्थात! आजोबांची स्वारी पालखीखेरीज कधी निघत नसे.”

“व्हय,” ठमाई म्हणाली. “पालखीखेरीज न्हाईच निगाली.”

तिला वर न्यायचे कारण एवढेच की खानाने गड घेतल्यावर पायऱ्यांत सुरुंग भरून वाट उडवली होती, आणि आता कुठे पाय द्यावा हे सांगणारे तेवढे एकच माणूस खोऱ्यात उरले होते. गडाच्या दाराची नाईकी जिच्या सासऱ्याकडे, भागा नाईकाकडे होती, ती ही कोळ्याची म्हातारी. पण ती निघाली ती वाट दाखवायला नव्हे. शिळेवर काय कोरले आहे हे तिने बिगाऱ्यांकडून ऐकले होते. चाळीस वर्षे तिच्या घराला गाव फितुराचे घर म्हणत आले. दसऱ्याला आंबवण्यांच्या सदरेवर सगळ्यांच्या हातात विडा पडे, तिच्या लेकाचा विडा घोंगडीवर टाकला जाई, आणि तो वाकून उचलून घेई. बोलणे वाऱ्यावर जाते, वाकलेला लेक पुन्हा ताठ होतो, एवढ्या आशेवर तिने दिवस ढकलले. पण दगड वाऱ्यावर जात नाही. आज ती शिळा चौथऱ्यावर चढली की तिच्या सासऱ्याचे नाव सूर्यचंद्र असेतोवर फितूर ठरणार होते.

आणि खरे काय ते सांगू शकणारे तोंड तिचे एकटीचे होते. ते तोंड शपथेने बांधलेले होते. ती शपथ गेल्या आषाढात सुटली. पण चाळीस वर्षे मिटलेले ओठ असे एका दिवसात उघडत नाहीत.

सूर्य कासराभर वर आला तेव्हा मंडळी दारात पोहोचली. दार कसले, दोन बुरुजांमधली एक पडकी खिंड. उंबऱ्याची शिळा मात्र शाबूत होती, आणि तिच्याभोवती हातात मावतील असे गोल धोंडे अजून विखुरले होते. ठमाई खाली बसली. एका धोंड्यावरून तिने हात फिरवला, आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा गळ्यात तिच्या ओठांवर तिचीच एक ओवी आली:

“दाराच्या उंबऱ्याशी माझा सखा गं निजला,
उशाला धोंडा त्याच्या, मीच होता उचलला.”

“हेच ते दार,” मानसिंगराव गर्जले. गर्जना करण्याइतका श्वास त्यांच्यात नव्हता, म्हणून ती अर्ध्यात फाटली. “इथेच त्या नाईकाने निमकहरामी केली. सिदोजी, होऊन जाऊ दे!”

सिदोजीने संबळावर थाप मारली. पोट हातावरचे होते, आणि पोवाडा रावांनी सांगून करवून घेतला होता.

“सिंह शोभला सुभानराव, मिशीवर लिंबू ठरे,
दार उघडले भागा नाईके, गडाचे भाग्य सरे, जी जी!
राणी पळाली पालखीत, पडदा सोडुनी दाट,
एकला झुंजे किल्लेदार, रक्ताने न्हाली वाट, जी जी जी!”

“राणीचा चरण नको होता,” सिदोजी हळूच म्हणाला. “तुमच्याच आज्जीसाहेब त्या, सरकार.”

“असू दे. खरे ते खरे. आमच्या घरात त्या बाईचे नाव घेत नाहीत. पितृपंधरवड्यात तिचे पान वाढत नाहीत. पती रणात, आणि ही पालखीत! तीर्थरूपांनी मरेपर्यंत आईचे नाव काढले नाही.”

ठमाईच्या हातातला धोंडा निसटून खाली पडला. चाळीस वर्षे पाण्याचा थेंब नाही, पान नाही, नाव नाही. एवढे मात्र तिला ठाऊक नव्हते.

ती उठली, मंडळींना घेऊन वाड्याच्या जोत्याकडे चालू लागली, आणि प्रत्येक पावलाला तो दिवस तिच्या पायात येऊ लागला.

तो दिवसही वैशाखाच्या अखेरचा. खानाच्या फौजेचा वेढा बसून तीन महिने झाले होते, आणि गडाला कशाची म्हणून ददात नव्हती. टाकी भरलेली, अंबारात नाचणी, आणि मृगाला उरलेले आठ दिवस. एकदा पिंगळेला लोंढा आला की खानाची फौज नदीच्या अलीकडे उपाशी मरायची किंवा पलीकडे पळायची, हे गडावरच्या शेळ्यांनाही कळत होते. भागा नाईकाने पहिल्याच दिवशी दाराच्या आतून छातीइतका, मग पुरुषभर, मग कमानीपर्यंत धोंड्यांचा भराव घातला होता. गडावरची नित्याची ये-जा पश्चिमेच्या कड्यातल्या लहानशा दिंडीतून चाले, जिच्यातून माणूस वाकूनच जाऊ शके. हत्ती आणून धडका दिल्या तरी तो भराव हलता ना. आठ दिवस, फक्त आठ दिवस काढायचे होते.

परंतु किल्लेदार सुभानराव आंबवणे यांचे दैवच खडतर. चार दिवसांपूर्वी तोफेचा एक गोळा त्यांच्या मुदपाकखान्यावर पडला होता. माणूस कोणी गेले नाही. श्रीखंडाचे पातेले गेले. त्या क्षणापासून त्या नरवीराची झोप उडाली, भूक मात्र शाबूत राहिली, आणि ज्या मिशांवर लिंबू ठरत असल्याची ख्याती दरबारापर्यंत होती त्या मिशा गोळ्याच्या प्रत्येक आवाजासरशी थरथरू लागल्या. इतक्यात खानाने आपल्या रिवाजाप्रमाणे कौल पाठवला: बायाबापड्यांनी गड उतरावा, त्यांच्या पालखीचा पडदा आमचा कोणी शिपाई उचलणार नाही.

सुभानरावांनी तो कौल दोनदा वाचून घेतला. मग भागा नाईकाला सदरेवर बोलावले. ठमी तेव्हा वीस वर्षांची, किल्लेदारीणबाईंच्या हाताखाली वाड्यात असे. ती दाराआडून ऐकत होती.

“नाईक, दारातले धोंडे काढा. आज तिसऱ्या प्रहरी बाईसाहेबांची पालखी उतरेल.”

भागा नाईकाने मुजरा केला. तो तसाच वाकलेला राहून बोलला, “सरकार, हुकूम शिरसावंद्य. पण आठ दिसांत पाऊस येतोया. आणि बाईसायबांस्नी उतरवायचंच आसंल तर दिंडीतनं उतरवू. माझ्या पाठीवर लेकीगत घिऊन जातो, पायाला खडा लागू द्याचा न्हाई.”

“आमच्या घरची बाई कोळ्याच्या पाठीवर? लाज नाही वाटत बोलायला?”

“धोंडं उपसाया दोन प्रहर लागत्यात, आन् पुन्ना रचाया एक रात. त्येवढा येळ दार उगडं ऱ्हाईल.”

“राहील तर राहील. खानाचा शब्द आहे.”

“खानाचा शबुद पालखीपुरता हाय सरकार, दारापुरता न्हाई. तसंच करायचं तर शिक्क्याचा कागद द्या.”

सुभानराव लाल झाले. “आमची जीभ म्हणजे शिक्का नव्हे काय? चालते व्हा!”

नाईक चालता झाला. हुकूम तो हुकूम. पण तो ऐकणारे दाराआडच्या ठमीखेरीज दुसरे कोणी नव्हते; गडाने धोंडे उपसले ते नाईकाच्या शब्दावर. दोन प्रहर गडावरची सगळी माणसे, बायासुद्धा, दारातले धोंडे उपसत राहिली. ठमीनेही पदर खोचून ओंजळी-ओंजळीने धोंडे वाहिले. तिचा नवरा धावजी तिच्या हातातला धोंडा घेताना हसून म्हणाला, “घरात चूल मांडाया तीन सापडंनात, आन् हितं बघ कसं लोळत्यात.” तेच त्याचे तिच्याशी शेवटचे बोलणे.

ती वाड्यात परतली तेव्हा किल्लेदारीण सगुणाऊसाहेब आरशापुढे उभ्या होत्या. नेसूचे जरीकाठी लुगडे त्यांनी सोडून साधे पातळ गुंडाळले होते, आणि ते लुगडे दुसरेच कोणी नेसू पाहत होते. दोन हातांनी निऱ्या सावरत, घामाघूम झालेले, शेवंतगडचे किल्लेदार! पाटावर पाण्याची वाटी होती, वस्तरा होता, आणि वाटीतल्या पाण्यावर दोन मेलेल्या सुरवंटांसारख्या त्या दोन जगप्रसिद्ध मिशा तरंगत होत्या.

ठमीला हसू आले, ते तिने पदराआड दाबले.

“ठमे,” सगुणाऊ शांतपणे म्हणाल्या, “नथ काढ माझी. बोटं ऐकत नाहीत गं.”

ठमीने नथ काढली. काढताना बाईंच्या नाकपुडीवर रक्ताचा एक ठिपका उमटला. त्या हलल्या नाहीत. मग ती तार वाकवून सुभानरावांच्या नाकाला दाबून बसवायची होती.

“हळू, हळू! दुखते ना!” किल्लेदार कळवळले. “हिला काही कळते की नाही? नाक तुटेल माझे!”

“तुटायला असावं लागतं,” सगुणाऊ ठमीकडे बघत, पण ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग मानेने नमून, सदरेवरच्या भाषेत त्यांनी पतीला निरोप दिला. “आपण जावे. खुशाल जावे. गडावर पगडी राहील.”

“म्हणजे?”

“गडाच्या माणसांना बुरुजावर धन्याची पगडी दिसली पाहिजे. नाही दिसली तर हत्यारे गळतील. आपले डोके जात आहे, ते कोणाला फारसे कळणार नाही. पगडी गेलेली मात्र कळेल.”

सुभानरावांना यातला अपमान समजायला वेळ नव्हता. पालखी दाराशी आली होती. पडदे सोडले गेले. भोई उठले, आणि पहिल्याच पावलाला चौघांचे गुडघे वाकले.

“बाईसायेब आज लई जड झाल्या,” एक भोई पुटपुटला.

“दुःखानं जड झाल्या असतील, चल,” दुसरा म्हणाला.

आत सगुणाऊंनी पतीचा अंगरखा चढवला, केस बांधून वर पगडी ठेवली, बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. जोडवी निघेनात. “राहू देत,” त्या म्हणाल्या, “मोजडीत कोण बघतंय.” मग त्यांनी देव्हाऱ्यातला बेलभंडार ठमीच्या हातात ठेवला.

“हणमंता माझा मामाकडे आहे, आठ वर्षांचा. त्यानं शूराचा लेक म्हणून मान वर करून जगावं. तो जिता असेतोवर तू बोलायचं नाहीस. मी पालखीतून पळाले असंच लोक म्हणतील. म्हणू देत.”

“आवो, पण बाईसायेब, तुमाला...”

“म्हण, ठमे.”

ठमीने शपथ घेतली. दार कोणाच्या हुकमाने उघडले तेही त्या शपथेखालीच गाडले गेले. भागा नाईकाला त्या शपथेची काय किंमत पडणार हे दोघींनाही तेव्हा ठाऊक नव्हते.

पालखी दाराबाहेर पडली. खानाने शब्द पाळला. पडद्याला कोणी बोट लावले नाही. पण उघडे दार बघून त्याच्या फौजेने धाव घेतली, आणि धोंडे पुन्हा रचायला भागा नाईकाला एक रात्र नव्हे, एक घटकाही मिळाली नाही. मग त्याने धोंड्यांच्या जागी माणसे रचली. सतरा माणसे दारात खांद्याला खांदा लावून उभी राहिली, दिवस कलेपर्यंत उभी राहिली, आणि जो पडला तो उंबऱ्यातच पडला, मागे सरकून कोणी पडला नाही. भागा नाईक सर्वांत शेवटी पडला. आणि मान वळवून ज्याने ज्याने वर बुरुजाकडे पाहिले, त्याला त्याला पगडी दिसली; तोफेच्या धुरात, एका जागी, न हललेली. “धनी उभा हाय रं!” म्हणत ते लढले. शेवटी ती पगडीही बुरुजावरून खाली, दाराच्या तोंडाशी आली, आणि तिथे पडली.

खान स्वतः देहापाशी आला. दारूच्या काजळीने तोंड काळे झालेले, गालावर वार. त्याने हात जोडले. “ऐसा मर्द हमने दूसरा नहीं देखा,” तो म्हणाला, आणि गडाच्या बायांना त्या देहाला मानाने अग्नी द्यायची परवानगी दिली. ठमीने बाकीच्यांना दूर सारले, आडोसा केला, एकटीने न्हाऊ घातले. कपाळावरचे गोंदण काजळीने झाकले. जोडवी काढून चितेच्या उशाशी पुरली. नवऱ्याला आणि सासऱ्याला मात्र तिला न्हाऊ घालता आले नाही. एका बाईला किती जणांना पुरे पडावे?

बारा वर्षांनी एकदा ती यात्रेला गेली होती. नदीघाटावरच्या मठात एक गलेलठ्ठ बैरागी लाडवांच्या परातीमागे बसला होता. दाढी होती, ओठ सफाचट होता, आणि डाव्या नाकपुडीवर तारेचा एक पुसट चरा होता. तिला बघताच त्याने छाटी नाकावर ओढून घेतली. ठमाईने प्रसाद घेतला नाही. घाटाची शेवटची पायरी उतरून ती नदीत थुंकली नाही, कारण नदीने तिचे काही वाईट केले नव्हते. ती पायरीवरच थुंकली.

“म्हातारे, झोपलीस काय? चौथरा कुठे?”

ठमाई भानावर आली. चौथरा समोरच होता. चितेच्या जागी बांधलेला, चार हात लांबरुंद, मातीत अर्धा बुडालेला. रावांनी हात जोडले, गहिवर आणला, आणि गेणूला शिळेवरची अक्षरे मोठ्याने वाचायला सांगितली.

“राजश्री सुभानराव आंबवणे किल्लेदार यांनी शत्रूशी झुंजोन येथे देह ठेविला,” गेणू अडखळत वाचू लागला. “भागा नाईक दरवाजाकर याने फितूर होऊन...”

“थांबलास का? वाच.”

गेणूने ठमाईकडे पाहिले नाही. “...दार उघडिले.”

“छान,” राव म्हणाले. “आता उशाशी खड्डा घे आणि बसव.”

पहार उठली, पडली. दहाव्या-बाराव्या घावाला मातीतून काही खणखणले. गेणूने हात घालून काढले: काळी पडलेली चांदीची दोन जोडवी.

“बायकांची जोडवी, मालक. सवाष्णीची.”

मानसिंगरावांनी ती चिमटीत धरली, जशी मेलेली पाल धरावी. “आजोबांच्या समाधीत? असतील कोणा बटकीची. शेवटच्या घटकेला सती जाण्याचा आव आणला असेल आणि जोडवी टाकून पळाली असेल. आमच्या घरच्या बाया पळाल्या, तिथे बटकीचे काय!” आणि कड्याच्या काठाशी जाऊन, खालच्या पिंगळेवर नजर लावून, त्यांनी हात उगारला.

तो हात वरच्या वर थांबला. ठमाईने मनगट धरले होते. अब्दागिरीवाला पुढे झाला, पण तिच्या डोळ्यांत बघून जागीच उभा राहिला.

“कोळणीने हात धरला!” राव ओरडले. “सोड! फितुराच्या घरची...”

“त्ये जोडवं टाकू नगा, सरकार. हितं खाली ज्यास्नी मी माज्या हातानं न्हाऊ घातलं, त्येंच्या पायाचं हाय त्ये.”

“काय बरळतेस? इथे आमचे आजोबा आहेत.”

“न्हाई. हितं तुमच्या आज्जी हायती. सगुणाऊसायेब.” चाळीस वर्षांनी ते नाव गडावर उच्चारले गेले. “पगडी त्येंनी घातली व्हती. बुरजावर त्या हुब्या व्हत्या. खानानं हात जोडलं त्ये त्येंस्नी. तुमचा बाप जिता असेतोवर बोलू नगंस म्हनून बेलभंडार दिला व्हता मला. तो आखाडात गेला. आता माज्यावर कसली आन न्हाई. माज्या सासऱ्यानं दार उगडलं, व्हय, उगडलं. पालखी जायाची म्हनून, तुमच्या आज्याच्या हुकमानं उगडलं, आन् सतरा मानसं घिऊन त्येच दारात मेला.”

सिदोजीने संबळ गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला होता. गेणूची पहार हातातच होती. मानसिंगरावांचा हात हळूहळू खाली आला. मूठ मात्र आपोआप मिटली होती. जोडवी तिच्यातून पडली नाहीत.

“खोटे,” ते म्हणाले. पण आता त्यात गर्जना नव्हती. “पालखी तर गेली होती. सगळ्या खोऱ्याने पाहिली. आजी इथे होती, तर मग पालखीत कोण होते?”

ठमाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्या मिशांकडे पाहिले. क्षणभर तिला या पोराची दया आली, आणि तेवढ्यात कानातला तो आवाज पुन्हा उठला. पण या वेळी तो काही मागत नव्हता, नुसता वाट बघत होता.

“तुमचा आजा,” ती म्हणाली. “मिशा काडून, आज्जीचं लुगडं नेसून, आज्जीची नथ घालून बसला व्हता आत. ती नथ मीच काडून दिली.”